थंडी वाजते, पण कुठे?

त्या सकाळी वर्गात चांगलाच गारठा होता. मी हात चोळत सहज म्हणाले, "अगं बाई, काय थंडी वाजतेय!" खिडकीशी बसलेल्या सात वर्षांच्या मुलाने आधी दोन्ही कान झाकले. मग हात काढले, मान तिरपी केली आणि तो अगदी स्तब्ध बसला. तो ऐकत होता. घंटा वाजते, फोन वाजतो, दार वाजतं. थंडी कुठे वाजतेय, ते तो शोधत होता.

मी विशेष शिक्षिका आहे. माझ्या वर्गात सहा ऑटिस्टिक मुलं आहेत. ऋतूंचे शब्द हा विषय दरवर्षी अभ्यासक्रमात येतो आणि तो सोपा आहे असं मी धरून चालले होते. या मुलाच्या नोंदवहीत मी स्वतः लिहिलं होतं: 'थंडी: दहापैकी नऊ वेळा बरोबर.' स्वेटर घातलेल्या मुलाचं कार्ड दाखवलं की तो लगेच 'थंडी' म्हणायचा. नोंद खरीच होती, पण ती त्या कार्डापुरती होती. बाहेरच्या गारठ्याचा त्या शब्दाशी काही संबंध आहे, हे त्याला मी कधी दाखवलंच नव्हतं.

तिथून मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतला. मुलांची नावं इथे लिहीत नाही. ती त्यांची त्यांच्यापाशी राहू देत.

सुरुवात मी कार्डांच्या तपासणीपासून केली. इंटरनेटवरून उतरवून, छापून, लॅमिनेट केलेली बारा कार्डं होती. हिवाळ्याच्या दोन्ही कार्डांवर बर्फ होता. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने बर्फ पडताना पाहिलेला नाही. जे हवामान मुलाच्या वाट्याला कधी आलंच नाही, त्याचं चित्र दाखवून मी त्याला ऋतू शिकवत होते. ती कार्डं त्याच दिवशी बाजूला काढली.

पावसाच्या कार्डावर लाल छत्री होती. एक मुलगी ते कार्ड न चुकता उचलायची. मला शंका आली म्हणून मी त्याच पावसाचं, पण निळ्या छत्रीचं कार्ड बनवलं आणि शेजारी ऊन असलेलं, लाल टोपीचं कार्ड ठेवलं. "पाऊस दे" म्हटल्यावर तिने लाल टोपी उचलली. तिच्यासाठी 'पाऊस' या शब्दाचा अर्थ 'लाल' होता, आणि तसं समजण्यात तिची काहीच चूक नव्हती. चित्रात ढग होता, थेंब होते, माणूस होता, छत्री होती. त्यातलं नेमकं काय पाहायचं हे तिला कुणी सांगितलं होतं? 1971 साली मानसशास्त्रज्ञ लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक प्रयोग केला होता. प्रकाश, आवाज आणि स्पर्श असा तिहेरी संकेत एकत्र दिला, तर त्यातली ऑटिस्टिक मुलं बहुतेक वेळा एकाच भागाला धरून प्रतिसाद द्यायची. हे मी प्रशिक्षणात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःच्या टेबलावर ओळखायला मात्र लाल टोपी लागली.

मग मी चित्रं सोडली आणि फोटो काढायला लागले. त्याच मुलाचे, त्याच आवाराचे, त्याच दिवशीचे. ओलं मैदान, कोरडं मैदान. ओले बूट, कोरडे बूट. प्रत्येक शब्दाला किमान पाच फोटो, आणि पाचांत समान गोष्ट एकच हवी, असा नियम केला. 'ओलं'च्या पाच फोटोंत बूट, फडकं, केस, जमीन आणि पान होतं. रंग, जागा, वस्तू सगळं वेगळं. ओलेपणा तेवढा सारखा. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या लेखिका टेम्पल ग्रँडिन यांनी स्वतःबद्दल सांगितलं आहे की एखादा सामान्य शब्द ऐकला की त्यांच्या मनात एक ढोबळ आकार उमटत नाही. आजवर पाहिलेल्या त्या प्रकारच्या एकेक वस्तू समोर येतात. सगळ्या ऑटिस्टिक व्यक्ती चित्रांत विचार करत नाहीत, हे त्यांनीही पुढे स्पष्ट केलं आहे. तरी माझ्या वर्गातल्या निदान तीन मुलांना हे लागू पडतं. त्यांना एक उदाहरण पुरत नाही, उदाहरणांची रांग लागते.

फोटोंनी काम बरंच पुढे नेलं, तरी खरी अडचण तशीच राहिली. पाऊस सुरू झाला की मी "बघ, काय पडतंय?" म्हणायचे आणि मुलं गप्प. शब्द येत होता, पण म्हणावासा वाटत नव्हता. असं का, हे समजायला मला वेळ लागला.

चित्रं देऊन संवाद साधण्याची पेक्स नावाची पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये तयार केली. तिचे सहा टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात मूल चित्र देतं आणि हवी ती वस्तू घेतं. 'मला पाऊस दिसतो', 'मला थंड लागतं' अशा प्रकारची निव्वळ टिप्पणी अगदी शेवटच्या, सहाव्या टप्प्यात येते. हा क्रम मला पाठ होता, पण हवामानाच्या शब्दांशी मी तो कधी जोडून पाहिला नव्हता. "आज काय उकडतंय!" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला काही हवं नसतं, समोरच्याशी दोन शब्द बोलायचे असतात. ज्या मुलाला अशा गप्पांची ओढच नाही, त्याने पाऊस दिसला म्हणून 'पाऊस' का म्हणावं? पाऊस तर मलाही दिसतोय.

म्हणून मी प्रत्येक शब्दाला काम दिलं. 'ओलं' म्हटलं की कोरडं फडकं मिळेल. 'उकडतंय' म्हटलं किंवा त्याचं बटण दाबलं की पंखा लागेल. 'ऊन' म्हटलं की जागा बदलता येईल. 'नको' हा शब्द सगळ्यांसोबत चालेल आणि तो दर वेळी मानला जाईल. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. पाण्याचा फवारा हातावर घेऊन 'ओलं' शिकताना एखाद्याने 'नको' म्हटलं तर फवारा तिथेच थांबायचा, धडा अर्धा राहिला तरी चालेल. ज्या शब्दाला मान मिळत नाही तो मुलाने का वापरावा?

एक मुलगी बोलत नाही. तिच्या टॅबलेटवर चित्रांचा बोर्ड आहे. मी तिच्याशी बोलताना स्वतःच त्यावरची बटणं दाबत बोलते, म्हणजे हा बोर्ड कसा वापरतात ते तिला रोज दिसतं. तिच्याकडून लगेच उत्तर यावं अशी अपेक्षा ठेवत नाही. सहा आठवडे मी 'ओलं' दाबत होते. फरशी ओली, केस ओले, फडकं ओलं. तिने एकदाही दाबलं नाही. मग एका दुपारी चित्र रंगवताना तिच्या बाहीला डिंक लागला. तिने बाही ताणून पाहिली, टॅबलेट ओढला आणि दाबलं: 'ओलं', 'नको'. पाणी नव्हतं, पाऊस नव्हता, डिंक होता. मी तिला कधी न दाखवलेल्या जागी तिने तो शब्द बसवला होता. आम्ही बाही धुतली, म्हणजे ती आणखी ओली झाली आणि तिने पुन्हा तीच दोन बटणं दाबली. या वेळी जरा जोरात. मी शर्ट बदलून दिला.

1977 मध्ये स्टोक्स आणि बेअर यांनी एक लेख लिहिला होता. शिकवायचं आणि मग ते इतरत्र आपोआप वापरलं जाईल अशी आशा करत बसायचं, ही सवय त्यांनी त्यात नेमकी दाखवून दिली होती. इतरत्र वापरणं हेसुद्धा शिकवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. डिंकाच्या त्या दुपारी मला ते पटलं, कारण वापर आपोआप आला नव्हता. त्यामागे सहा आठवडे दाखवलेल्या वेगवेगळ्या ओल्या वस्तू होत्या.

आता शरीराबद्दल. ऑटिझमच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या 2013 मधल्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांच्या वेगळेपणाचा मुद्दा निकषांत आला. त्यात दिलेल्या उदाहरणांपैकी एक आहे वेदना किंवा तापमान यांकडे लक्ष नसल्यासारखं दिसणं. ऋतूंचे शब्द शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं. कडक उन्हात जाड जाकीट घालून धावणारं मूल हट्टी असेलच असं नाही. 'गरम होतंय' हा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नसेल किंवा फार उशिरा पोचत असेल. अशा मुलाला "तुला गरम होतंय ना?" विचारून 'हो' वदवून घेणं म्हणजे त्याला जे जाणवत नाही त्याची कबुली द्यायला शिकवणं.

आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंशी बोलून मी वर्गातल्या अशाच एका मुलासाठी बाहेरून दिसणाऱ्या खुणा निवडल्या. मान ओली आहे? तोंड लाल आहे? आरशात बघ. खुणा दिसल्या तर पाणी पी, सावलीत ये. त्याच्या 'उकडतंय'चा अर्थ सध्या 'मान ओली' एवढाच आहे. आतलं जाणवणं पुढे येईल तेव्हा येईल. उन्हात पाणी प्यायचं राहू नये, ही आजची गरज आहे.

उलटही असतं. एकाला पावसाचे थेंब कातडीला टोचतात. दुसऱ्याला पावसाचं पाणी चालतं, पण पत्र्यावरचा आवाज सोसत नाही. त्याच्या आईने विचारलं होतं, "ताई, कार्डं तर सगळी ओळखतो, मग पाऊस आला की टेबलाखाली का जातो?" मी वर्गात 'पाऊस' शिकवताना मागे पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावायचे, वातावरण तयार व्हावं म्हणून. त्याच्यासाठी तो शब्द आणि तो त्रास मीच एकत्र बांधले होते. रेकॉर्डिंग बंद केलं. त्याला कान झाकायचे हेडफोन दिले आणि 'मोठा आवाज' हे वेगळं कार्ड दिलं. आता तो 'मोठा आवाज' दाखवतो, हेडफोन लावतो आणि खिडकीतून पाऊस बघतो. टेबलाखाली कधी कधी अजूनही जातो. तिथे त्याच्यासाठी एक उशी ठेवली आहे.

भाषेने स्वतःच घातलेले काही पेच आहेत, त्यांच्याकडे मी इतकी वर्षं लक्षच दिलं नव्हतं. मराठीत पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडीही पडते, आणि मूलही पडतं. मैदानात पडून गुडघा फुटलेल्या मुलाला मी म्हटलं, "पाऊस पडला बघ." तो म्हणाला, "लागलं." मग ऊनही 'लागतं'. थंडी 'वाजते'. पाऊस 'जातो', पण कुठे जातो ते कुणी सांगत नाही. यातली काही क्रियापदं मी सरळ शिकवली, एकेक, फोटोंसह, 'आपण असं म्हणतो' या शीर्षकाखाली. थंडी वाजते म्हणजे अंगावर काटा, हात गार, दात कडकड. "दात वाजतात," असं मी करून दाखवलं, तेव्हा कान झाकणारा तो मुलगा खूश झाला. शेवटी काहीतरी खरोखर वाजत होतं.

दुसरा पेच विभक्तीचा. 'पाऊस' ओळखणारं मूल 'पावसात जाऊ नको' मधलं 'पावसात' ओळखत नव्हतं. 'ऊन' येत होतं, 'उन्हात' येत नव्हतं. आपल्या कानाला ते एकाच शब्दाचं रूप वाटतं, पण जे मूल शब्द अखंड ठोकळ्यासारखा उचलतं त्याच्यासाठी 'पाऊस' आणि 'पावसात' हे दोन अनोळखी ठोकळे आहेत. एकच फोटो, खाली दोन पट्ट्या, अशी जोडी लावून महिनाभर सराव केला. त्यातून एक सुंदर गोष्ट घडली. ऊन, उन्हात, उन्हाळा, पाऊस, पावसात, पावसाळा, एवढं झाल्यावर एकजण आपण होऊन म्हणाला, "थंडी, थंडीत, थंडाळा." नियम त्याला सापडला होता. हिवाळा हा शब्द जुन्या 'हीव'वरून आला, आणि ते 'हीव' आता हिवताप सोडला तर फारसं कुणाच्या तोंडी नाही, हे त्याला कसं माहीत असणार? मी 'हिवाळा'ची पट्टी 'थंडाळा'च्या शेजारी लावली. दोन्ही आहेत. तो मला 'थंडाळा'च म्हणतो आणि मला कळतं.

आणि एक दिवस मी चुकले. तो सात वर्षांचा मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुला थंडी वाजते का?" मी आनंदाने म्हटलं, "नाही रे, मला नाही वाजत." त्याने पुन्हा विचारलं, आवाज चढवून. मी पुन्हा 'नाही' म्हटलं. तिसऱ्यांदा तो रडायला आला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. मोजे ठिबकत होते.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमवरच्या आपल्या लेखात 1943 मध्ये ज्या 11 मुलांचं वर्णन केलं, त्यांतल्या बोलणाऱ्या मुलांतही हे होतं: आपल्याला उद्देशून ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, 'तू'सकट, स्वतःसाठी वापरायचं. पुढे 1981 मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी लगेच केलेल्या अशा पुनरुच्चाराचा अभ्यास करून त्यामागचे सात वेगवेगळे हेतू मांडले. हा मुलगा माझंच वाक्य काही दिवसांनी परत आणत होता, पण हेतू तितकाच स्पष्ट होता. मी महिनाभर त्याला स्वेटर देताना विचारत आले होते, "तुला थंडी वाजते का?" त्याच्या दृष्टीने हे वाक्य म्हटलं की ऊब मिळते. त्याने ते योग्य वेळी, योग्य माणसाकडे, तीनदा वापरलं, आणि मी त्याला दोनदा नकार दिला.

त्याचं वाक्य दुरुस्त करायच्या मागे मी लागले नाही. माझं बदललं. प्रश्न विचारणं सोडलं आणि त्याच्या जागी उभं राहून बोलायला लागले: "थंडी वाजतेय. मोजे बदलू या." मराठीची इथे मोठी मदत होते, कारण 'मला' किंवा 'तुला' न म्हणताही वाक्य पुरं होतं. 'थंडी वाजतेय', 'उकडतंय', 'भिजलं'. यात कुणाला, हा गोंधळच येत नाही. काही आठवड्यांत त्याच्याकडून "थंडी वाजतेय" आलं. जुना प्रश्नही अधूनमधून येतो. वर्गातल्या मदतनीस ताईंना आणि घरच्यांना मी लिहून दिलं आहे की त्याने असं विचारलं तर आधी त्याचे हातपाय बघा.

राहिला ऋतू. पाऊस दाखवता येतो, पावसाळा कसा दाखवणार? मी भिंतीवर लांबच लांब कागदी पट्टी लावली. रोज सकाळी खिडकीतून बघायचं आणि एक गोल चिकटवायचा: निळा पावसाचा, पिवळा उन्हाचा, करडा ढगांचा. काही महिन्यांनी पट्टीवर निळ्याचा लांब पट्टा दिसायला लागला. "हा पावसाळा," असं म्हणून मी त्यावरून हात फिरवायचे, मुलंही फिरवायची. वेळ हाताला लागत होती.

पण मध्येच लख्ख उन्हाचा दिवस यायचा. वर्गात एक मुलगा आहे, त्याला गोष्टी ठरल्याप्रमाणे लागतात. पावसाळ्यात पिवळा गोल म्हणजे त्याच्यासाठी घोर चूक. त्याने तो काढून टाकला आणि निळा लावला. मी पिवळा परत लावला. तो कोसळला, बराच वेळ रडत राहिला. त्याआधीही मी त्याच्याशी एकदा चुकीचं वागले होते. पावसाळा कधी संपणार, हे त्याने सारखं विचारलं म्हणून मी कॅलेंडरवर एका तारखेवर रेघ मारून दिली होती. त्या तारखेनंतर तीन दिवस जोराचा पाऊस झाला. माझ्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडाला, आणि मी तारीख शब्दासारखी दिली होती, त्यामुळे ते बरोबरच होतं. तेव्हापासून मी रेघ मारत नाही. 'बहुतेक' हे कार्ड तयार केलं आहे, अर्ध्या रंगवलेल्या गोलाचं. ते शिकवणं सगळ्यांत अवघड जातंय.

पिवळ्या गोलाचा प्रश्न मात्र त्याने स्वतः सोडवला. त्याच्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर रविवारच्या जागी 'सुट्टी'चं कार्ड असतं. शाळा चालू असते, वर्ष चालू असतं, पण त्या दिवशी शाळा नसते. एका कोरड्या सकाळी तो तक्त्यापाशी गेला, 'सुट्टी'चं कार्ड काढून घेऊन पट्टीपाशी आला, निळ्या गोलांमध्ये पिवळा गोल लावला आणि कार्ड त्याच्यावर धरून म्हणाला, "पावसाळा आहे. पावसाला सुट्टी."

आता वर्गात सगळे तसंच म्हणतात. टॅबलेटवाल्या मुलीसाठी मी त्याचं वेगळं बटण करून दिलं आहे. तिने ते आजवर दोनदा दाबलंय. त्यातल्या एकदा बाहेर पाऊस होता, आणि ती खिडकीकडे बघत पुन्हा पुन्हा दाबत होती.